जिलेटिनची बॅग आणि मुक्कामाची एसटी

मे २०२२ मध्ये नागपूर रेल्वे स्थानकाच्या मुख्य प्रवेशद्वाराजवळ, वाहतूक पोलिसांच्या बूथला लागून, एक बेवारस बॅग सापडली. आत पन्नासहून अधिक जिलेटिनच्या कांड्या आणि एक डिटोनेटर. बॉम्बशोधक व नाशक पथक आलं, श्वानपथक आलं, बॅग तिथून हलवली गेली आणि कोणाला साधं खरचटलंही नाही. तरी ती बातमी देशभर गेली.

१७ डिसेंबर २०२३ च्या सकाळी नागपूरच्या अमरावती रोडवर बाजारगावजवळच्या स्फोटकांच्या कारखान्यात स्फोट झाला. ९ कामगार गेले, त्यांत ६ बाया होत्या. जून २०२४ मध्ये धामण्याच्या कारखान्यात तेच झालं आणि पुन्हा कामगार गेले. २४ जानेवारी २०२५ ला भंडाऱ्याजवळ जवाहरनगरच्या आयुध निर्माणीत ८ जण गेले. नागपूर हे देशातल्या स्फोटक उद्योगाचं मोठं केंद्र आहे. स्फोटकांचे परवाने देणाऱ्या केंद्रीय संघटनेचं मुख्यालय याच शहरात आहे. उमरेड, सावनेर, कामठीकडे कोळशाच्या खाणी, मनसर-गुमगावकडे मँगनीज. विदर्भात काळ्या पाषाणात विहीर खणायची तर सुरुंग लावल्याशिवाय पाणी लागत नाही. जिलेटिनची कांडी हा इथला रोजचा माल आहे, आणि तो तयार करताना माणसं मरतात हेही इथल्या गावांना पाठ झालंय.

म्हणजे पदार्थ एकच. एका ठिकाणी मृत्यू शून्य, दुसऱ्या ठिकाणी मृत्यूंची रांग. भीती मात्र बॅगेची जास्त. स्थानकावर बेवारस पिशवी दिसली की आजही अंगावर काटा येतो, आणि अमरावती रोडने जाताना कारखान्यांच्या कुंपणाकडे बघून कोणाच्या छातीत धस्स होत नाही. अतिरेकी हिंसेची भीती कशी घडते हे समजून घ्यायचं तर ही विसंगती नीट उलगडायला हवी. मरणाऱ्यांची संख्या हा त्या भीतीतला फार छोटा भाग आहे.

कारखान्यातल्या स्फोटामागे निष्काळजीपणा असतो, नफ्याची घाई असते, पण तुम्हाला-मला मारायचा बेत नसतो. बॅग ठेवणाऱ्याच्या मनात तो असतो, किंवा असेल असं आपण धरून चालतो. कारखान्याचा धोका ठरावीक माणसांना, ठरावीक जागी, ठरावीक पाळीत असतो. स्थानकावरचा धोका कोणालाही, कधीही. धोक्याच्या जाणिवेचा अभ्यास करणारे मानसशास्त्रज्ञ पॉल स्लोविक यांनी १९८७ साली हे मांडलं होतं. ज्या धोक्यात आपला ताबा नसतो, जो न दिसणारा असतो, जो एका दणक्यात अनेकांना घेऊन जातो, त्याची धास्ती माणसं कितीतरी पट जास्त घेतात. रोज थोडं थोडं मारणाऱ्या गोष्टी मनात जागाच मागत नाहीत. २०२२ साली भारतात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजारांहून अधिक माणसं मेली. सर्पदंशाने देशात वर्षाला सरासरी ५८ हजार मृत्यू होतात असा २००० ते २०१९ या काळाचा अंदाज आहे, आणि धानाच्या बांधावर अनवाणी उभ्या असलेल्या माणसाला तो पटायला आकडेवारी लागत नाही. पण हेल्मेट न घालता वर्धा रोडवर गाडी मारणारा मुलगा मॉलच्या दारात बॅग तपासली नाही तर अस्वस्थ होतो. त्याला मूर्ख म्हणून भागणार नाही. तो माणसाच्या मनाप्रमाणेच वागतोय.

या धास्तीची किंमत मोजता येते. ११ सप्टेंबर २००१ च्या विमानहल्ल्यांनंतर अमेरिकेत अनेकांनी विमानाऐवजी गाडीने प्रवास करायला सुरुवात केली. गेर्ड गिगरेन्झर या जर्मन संशोधकाने हिशेब मांडला की पुढच्या वर्षभरात त्यामुळे रस्त्यांवर सुमारे १५०० जास्तीचे मृत्यू झाले. तो श्रीमंत देश होता. चांगले रस्ते, रुग्णवाहिका, विमा, सगळं हाताशी होतं. आपल्यासारख्या देशांत भीतीचा हिशेब आणखी वेगळ्या ठिकाणी चुकवावा लागतो, आणि तो बघायला नागपूरहून फार लांब जावं लागत नाही.

गडचिरोली इथून सुमारे १७० किलोमीटर. नक्षलविरोधी अभियानाचं मुख्यालय नागपुरात आहे, जवानांचं प्रशिक्षण सुराबर्डीला होतं, मोठ्या चकमकीनंतर जखमी जवान हेलिकॉप्टरने नागपूरच्या रुग्णालयांत येतात. म्हणून नागपूरकराला गडचिरोली ‘माहीत’ असते. ती माहीत असते ती हेलिकॉप्टर, पुष्पचक्र आणि मृतांचा आकडा या तीन गोष्टींतून. २००९ साली मरकेगाव, हत्तीगोटा आणि लाहेरी या तीन ठिकाणी मिळून ४८ पोलीस मारले गेले. २०१२ साली पुस्टोल्याजवळ केंद्रीय राखीव पोलीस दलाच्या बसखाली भूसुरुंग फुटला. १ मे २०१९ ला, ऐन महाराष्ट्रदिनी, कुरखेडा तालुक्यात जांभुळखेड्याला १५ पोलीस आणि त्यांच्या गाडीचा चालक गेले. गावांची नावं शहराला कळली ती अशी, एकेका स्फोटाने. मधल्या तीन-चार हजार दिवसांत त्या गावांत धान लावलं गेलं, मोहफुलं वेचली गेली, लग्नं लागली. त्याची बातमी होत नाही, आणि बातमी झाली नाही की ते मनातल्या नकाशावर उमटत नाही. जे सहज आठवतं तेच वारंवार घडतं असं मन धरून चालतं. टव्हर्स्की आणि कानेमान या मानसशास्त्रज्ञांनी १९७३ मध्ये हे दाखवलं, आणि गडचिरोलीला बदलीचा आदेश आलेल्या कर्मचाऱ्याच्या घरात ते आजही जसंच्या तसं बघायला मिळतं. नक्षलग्रस्त भागासाठी एकस्तर, म्हणजे एक पायरी वरची, वेतनश्रेणी आहे, भत्ता आहे, तरी बदली रद्द करून घेण्यासाठी धावपळ सुरू होते. आई-वडील म्हणतात, ‘नोकरी सोड, पण जाऊ नको.’ पद रिकामं राहतं. शाळेत एकाच शिक्षकावर चार वर्ग पडतात, आरोग्य उपकेंद्राला कुलूप. नागपुरात बसून घेतलेल्या भीतीची किंमत एटापल्लीतलं बाळंतपण मोजतं.

तिथे राहणाऱ्याची भीती मात्र अगदी निराळ्या जातीची आहे, आणि या विषयात मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हेच.

भामरागड किंवा एटापल्ली तालुक्यातल्या आतल्या गावातल्या माणसाला स्फोटाची भीती कमी आणि प्रश्नाची भीती जास्त. रात्री दलम, म्हणजे नक्षलवाद्यांची सशस्त्र तुकडी, आलं, जेवण मागितलं. नाही म्हणायची सोय नाही. सकाळी पोलिसांची तुकडी आली आणि विचारलं, रात्री कोण आलं होतं, कोणी जेवू घातलं? खरं सांगितलं तर पुढच्या वेळी दलम विचारणार, खबर कोणी दिली. खोटं सांगितलं तर ठाण्यात नेणार. जेवणाचं एकच ताट दोन्हीकडून पुरावा होतं. गावात कोणाचं तरी लग्न मोडलं, जमिनीचा वाद झाला, आणि कोणीतरी कोणाचं नाव ‘खबऱ्या’ म्हणून वर पोचवलं, तर त्या नावाची शहानिशा होईलच असं नाही. नक्षलवाद्यांनी खबरी असल्याच्या संशयावरून मारलेल्या माणसांची यादी लांब आहे. त्यात पोलीस पाटील आहेत, माजी सरपंच आहेत, कधीकाळी चळवळीतून बाहेर पडून शेती करणारे आहेत.

ही भीती पसरवायची एक ठरलेली पद्धत होती आणि ती समजून घेण्यासारखी आहे. प्रेत जंगलात टाकलं जायचं नाही. रस्त्यावर, तेही येण्याजाण्याच्या रस्त्यावर ठेवलं जायचं. शेजारी पत्रक. पत्रकात आरोप, शिक्षा आणि पुढच्यांना इशारा. एवढ्याने आजूबाजूच्या सगळ्या गावांची तोंडं बंद व्हायची, त्यासाठी प्रत्येक गावात जावं लागायचं नाही. दरवर्षी २८ जुलै ते ३ ऑगस्ट नक्षलवाद्यांचा शहीद सप्ताह, २ ते ८ डिसेंबर त्यांच्या लष्करी शाखेचा सप्ताह असायचा. त्याआधी लाल कापडी बॅनर लागायचे, झाडं आडवी पाडून रस्ता अडवला जायचा. बॅनर काढायला कोणी हात लावू नये म्हणून त्याखाली वायर जोडलेला डबा ठेवायचा. तो बहुतेक वेळा नकली असायचा, एखाद्या वेळी खरा. तो एकदा खरा निघाला की पुढचे सगळे नकली डबे खऱ्याइतकंच काम करायचे. पोलिसांना प्रत्येक डब्यासाठी पथक बोलवावं लागायचं, रस्ता अर्धा दिवस बंद राहायचा, आणि गाव समजून जायचं की इथे हुकूम कोणाचा चालतो.

जांभुळखेड्यालाही हेच तंत्र होतं. आदल्या रात्री दादापूरला रस्त्याच्या कामावरची वाहनं जाळली गेली. ती जाळपोळ हे आमिष होतं. घटनास्थळी पोलीस येणार, घाईत येणार, गाडीने येणार, हे गृहीत धरलेलं. जंगलभागात चालत जायचं, रस्ता आधी तपासून घ्यायचा, खाजगी वाहन वापरायचं नाही, हे तिथले जुने नियम आहेत आणि ते मागच्या मृत्यूंतून तयार झालेले आहेत. त्या दिवशी पथक खाजगी गाडीतून निघालं. नियम मोडला की काय होतं हे मारणाऱ्याला माहीत होतं. भीती वापरणारे लोक आपल्या सवयींचा आपल्यापेक्षा बारकाईने अभ्यास करतात.

पुढचा भाग आनंदाचा आहे, पण तिथेही भीतीचं गणित सरळ चालत नाही. केंद्रीय गृह मंत्रालयाच्या आकडेवारीप्रमाणे नक्षली हिंसेत २०१० साली देशात १००५ नागरिक आणि जवान मारले गेले, २०२४ साली १५०. गडचिरोलीत नोव्हेंबर २०२१ मध्ये मर्दिनटोल्याच्या चकमकीत २६ नक्षलवादी मारले गेले. ऑक्टोबर २०२५ मध्ये नक्षलवाद्यांचा ज्येष्ठ नेता भूपती याने साठ साथीदारांसह शस्त्रं खाली ठेवली. आकडे असे खाली आले, पण बदलीच्या आदेशाची धास्ती तेवढ्या वेगाने उतरलेली नाही. भीती चढते एका रात्रीत आणि उतरायला पिढी घेते. कारण चढायला एक घटना पुरते, आणि उतरायला काहीच न घडणारे हजारो दिवस लागतात. काहीच न घडणं दाखवायचं कसं, हा प्रश्न आहे.

त्याचं एक उत्तर एसटीत आहे. १ जानेवारी २०२५ ला गडचिरोलीतल्या गट्टा-गर्देवाडा-वांगेतुरी मार्गावर एसटी सुरू झाली. स्वातंत्र्यानंतर पहिल्यांदा. त्याआधी नोव्हेंबर २०२३ मध्ये वांगेतुरीला पोलीस मदत केंद्र उभं राहिलं होतं, तेही एका दिवसात. गडचिरोलीतल्या पोलीस केंद्रांत ‘दादालोरा खिडकी’ चालते. जातीचा दाखला, आधार, योजनांचे अर्ज असली कामं तिथे होतात. मला या सगळ्यात एसटीचं मोल सर्वात जास्त वाटतं. चौकी आली म्हणजे लढाई आली असंही गाव समजू शकतं. मुक्कामाची गाडी आली, चालक-वाहक रात्री गावात झोपले, आणि सकाळी गाडी वेळेवर सुटली, तर त्याचा एकच अर्थ निघतो. वेळापत्रकावर विश्वास ठेवणारा माणूस उद्यावर विश्वास ठेवतो. म्हणून नक्षली सप्ताहाच्या काळात सावधगिरी म्हणून आतल्या फेऱ्या बंद ठेवल्या जायच्या तेव्हा त्या निर्णयाचाही खर्च असायचा, आणि तो कागदावर कुठेच यायचा नाही.

आता थोडं बाहेर बघू. कारण नागपूर-गडचिरोलीत जे दिसतं ते बगदाद, नैरोबीपर्यंत त्याच आकारात सापडतं.

३१ ऑगस्ट २००५ ला बगदादमध्ये इमाम मूसा अल-काझिम यांच्या स्मृतिदिनासाठी लाखो यात्रेकरू काझिमिया दर्ग्याकडे निघाले होते. सकाळी दर्ग्याच्या परिसरात तोफगोळे पडले, त्यात काही जण गेले. तैग्रिस नदीवरच्या अल-आइम्मा पुलावर गर्दी खच्चून भरलेली असताना कोणीतरी ओरडलं, गर्दीत मानवी बॉम्ब आहे. नव्हता. पण चेंगराचेंगरी झाली, कठडा तुटला, माणसं नदीत पडली. साडेनऊशेहून अधिक मृत्यू, बहुतेक बाया आणि मुलं. एकाही बॉम्बने बगदादमध्ये तोपर्यंत एका दिवशी इतकी माणसं मारली नव्हती. त्या गर्दीला घाबरट म्हणता येत नाही. महिनोन् महिने बॉम्ब खरोखर फुटत होते, सकाळी गोळे खरोखर पडले होते. ओरडणाऱ्यावर विश्वास ठेवणं हाच तिथे शहाणपणा होता, आणि त्याच शहाणपणाने जीव घेतला.

केनियात एप्रिल २०१५ मध्ये गारिसा विद्यापीठावर हल्ला झाला, १४८ जण मारले गेले. त्याच वर्षी ३० नोव्हेंबरला नैरोबीच्या स्ट्रॅथमोर विद्यापीठाने सुरक्षेची रंगीत तालीम घेतली. गोळीबाराचे आवाज काढले, बंदूकधारी फिरवले, आणि विद्यार्थ्यांना-कर्मचाऱ्यांना आधी सांगितलं नाही. ‘खरं वाटलं पाहिजे’ ही त्यामागची कल्पना असावी. मुलांनी वरच्या मजल्यांवरून उड्या टाकल्या. एक कर्मचारी महिला गेली, अनेक जण जखमी झाले. आपल्याकडे शाळा-महाविद्यालयांत आणि मॉलमध्ये मॉक ड्रिल होतात. त्यात हे एक कलम ठळक अक्षरात असायला हवं: तालीम आहे हे सगळ्यांना आधी सांगायचं, तालीम सुरू असताना पुन्हा सांगायचं, आणि नकली गोळीबार करायचाच नाही. दारं कुठे आहेत, जिना कोणता, कोणी कोणाची हजेरी घ्यायची, ही शिकवायची गोष्ट. किंचाळायला शिकवायची गरज नसते.

भीतीचा बाजारही असतो, आणि तो गरीब देशांत जास्त फोफावतो. एडीई ६५१ नावाचं एक ‘बॉम्बशोधक’ यंत्र इराकच्या नाक्यांवर वर्षानुवर्षं वापरलं गेलं. प्लॅस्टिकची मूठ, वर फिरणारी अँटेना, आत बॅटरी नाही, काहीच नाही. गोल्फचे हरवलेले चेंडू शोधण्याच्या एका खेळण्यावरून ते बनवलेलं. इराक सरकारने त्यावर कोट्यवधी डॉलर घालवले. विकणाऱ्या ब्रिटिश माणसाला २०१३ साली १० वर्षांची शिक्षा झाली, तरी बगदादच्या नाक्यांवर ती यंत्रं चालूच राहिली. जुलै २०१६ मध्ये करादा भागात स्फोट होऊन शेकडो माणसं गेल्यावर ती बंद करायचा आदेश निघाला. ती इतकी टिकली कशी? नाक्यावरच्या शिपायाच्या हातात काहीतरी होतं, रांगेतल्या माणसाला तपासणी झाल्यासारखं वाटत होतं, आणि दोघांनाही ते वाटणं हवं होतं. आपल्या स्थानकांवरच्या धातुशोधक चौकटी दिवसभर वाजत असतात आणि वाजल्या म्हणून कोणी थांबवत नाही. त्या चौकटींनी सुरक्षितता वाढत नाही आणि भीतीही कमी होत नाही. उलट, सतत वाजणारा इशारा कोणी ऐकत नाही हे हजारो माणसं रोज बघतात.

आणि या सगळ्यांखाली एक गोष्ट आहे जी श्रीमंत देशांतल्या चर्चेत फारशी येत नाही. आपल्याकडे वर्दीचीही भीती असते. संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाने २०१७ मध्ये आफ्रिकेतल्या सशस्त्र अतिरेकी गटांत स्वेच्छेने गेलेल्या माणसांच्या मुलाखती छापल्या. त्यातल्या ७१ टक्के लोकांनी सांगितलं की निर्णायक क्षण सरकारी कारवाईचा होता, घरातल्या किंवा ओळखीतल्या कोणाला मारलं किंवा धरून नेलं तो. हा आकडा भरतीचा आहे, पण तो भीतीबद्दलही बोलतो. ज्या गावात संकटात पोलिसांकडे जाणं हेच दुसरं संकट असतं, तिथे छोटी खबरही मोठी होते, कारण ती तपासून घ्यायला जायचं कुठे हेच माणसाला ठाऊक नसतं. जो माणूस नोकरी जाईल म्हणून घाबरलेला असतो, मुलांच्या शिक्षणाच्या काळजीत असतो, तो हल्ल्याच्या शक्यतेनेही जास्त घाबरतो. काळजी एकटी येत नाही. कमावता माणूस गेला तर घरात काय उरेल, या प्रश्नाला आपल्याकडच्या बहुतेक घरांत उत्तर नाही. दहशतवादी, जातीय किंवा नक्षली हिंसेत गेलेल्या नागरिकाच्या कुटुंबाला केंद्राच्या योजनेतून ५ लाख रुपये मिळतात. त्यासाठी जिल्हाधिकारी कार्यालयातून प्रकरण वर जावं लागतं, आणि मागे राहिलेली बाई निरक्षर असेल तर तिची फाइल कोण पुढे ढकलणार? माणसाला मरणाची भीती असतेच. पण मागच्यांचं काय, ही भीती जास्त काळ टिकते.

अफवेबद्दल मात्र मला सविस्तर लिहायचं आहे, कारण ती रोज प्रत्येकाच्या खिशात येते.

१७ मार्च २०२५ ला नागपूरच्या महाल, हंसापुरी भागात हिंसाचार झाला, अनेक ठाण्यांच्या हद्दीत संचारबंदी लागली. त्या संध्याकाळी समाजमाध्यमांवरच्या अफवांनी आगीत तेल ओतलं. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यात राईनपाड्याला मुलं पळवणारी टोळी समजून जमावाने पाच जणांना ठेचून मारलं. ते भिक्षा मागून पोट भरणारे नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे लोक होते. त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवण्याची मर्यादा घातली. मर्यादेने वेग कमी झाला, संदेशाची घडण बदलली नाही. ती घडण ओळखायला सोपी आहे. त्यात तारीख नसते, म्हणून तो दरवर्षी नवा वाटतो. जागा ‘आपल्या भागात’ असते, म्हणून तो इतवारीतही चालतो आणि प्रतापनगरातही. कोणत्या तरी साहेबाचं नाव असतं, ठाण्याचं नसतं. सोबतचा व्हिडिओ खरा असतो, पण दुसऱ्या देशातला, दुसऱ्या वर्षीचा. आवाजाची क्लिप असेल तर बोलणारी बाई रडवेली असते, कारण रडव्या आवाजाला उलटप्रश्न विचारणं आपल्याला क्रूरपणाचं वाटतं. आणि शेवटी ‘जास्तीत जास्त लोकांपर्यंत पोचवा’. पुढे पाठवणारा बहुतेक वेळा दुष्ट नसतो. आपल्या माणसांची काळजी असते म्हणूनच तो पाठवतो. म्हणून त्याला झापून उपयोग होत नाही. ‘काका, हे कुठल्या ठाण्याच्या हद्दीतलं?’ एवढा एक प्रश्न घरच्या ग्रुपवर शांतपणे विचारला की संदेश बहुधा तिथेच थांबतो.

टीव्हीला आवर घालायला नियम आहे. मुंबईवरच्या २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यात कमांडो कुठून उतरतायत हेही थेट दाखवलं गेलं होतं. मार्च २०१५ मध्ये केबल टीव्हीच्या नियमांत दुरुस्ती झाली. दहशतवादविरोधी कारवाई चालू असताना थेट प्रक्षेपण करायचं नाही, नेमलेला अधिकारी वेळोवेळी देईल तेवढीच माहिती दाखवायची. चांगला नियम आहे. पण तो पाळला जायचा तर नेमलेल्या अधिकाऱ्याने वेळेवर बोलावं लागतं. तो दोन तास गप्प राहिला की ती जागा दुसरं कोणीतरी भरतं.

घबराट कधीतरी ओसरते, संशय मात्र राहतो आणि तो कोणावर तरी जाऊन बसतो. ८ सप्टेंबर २००६ च्या मालेगाव स्फोटांत अटक झालेले नऊ मुस्लिम तरुण एप्रिल २०१६ मध्ये दोषमुक्त झाले. ११ जुलै २००६ च्या मुंबई लोकल स्फोटांतल्या बाराही आरोपींना उच्च न्यायालयाने २१ जुलै २०२५ ला निर्दोष ठरवलं, आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. १९ वर्षं. मेलेल्यांच्या घरच्यांना अजून कळलेलं नाही की मारलं कोणी. तुरुंगात तारुण्य घालवलेल्यांना कळलेलं नाही की आपल्याला का धरलं. ज्या समाजात गुन्ह्याचा निकाल लागत नाही, तिथे प्रत्येकाने आपापला निकाल आधीच लावलेला असतो. घर भाड्याने देताना, शेजार निवडताना, नाव विचारताना तो बाहेर येतो. मोमीनपुऱ्यातल्या मुस्लिम मुलाला आणि एटापल्लीच्या माडिया आदिवासी मुलाला नागपुरात खोली शोधताना ऐकावे लागणारे प्रश्न वेगवेगळे असतील, पण त्यांचं मूळ एकच.

पुन्हा त्या बेवारस बॅगेकडे येतो, कारण तिथे काय करायचं हे नेमकं सांगता येतं आणि नेमकी गोष्ट माहीत असली की घबराट कमी होते. बॅगेला हात लावायचा नाही, उघडायची नाही, ओढायची नाही, पाण्यात टाकायची नाही. तिच्याजवळ उभं राहून मोबाइल वापरायचा नाही, आधी लांब जायचं, मग फोन. रेल्वेत १३९, बाहेर ११२. रंग, आकार, कोणत्या खांबाजवळ, किती वेळ, एवढं सांगायचं. २०-२५ किलोच्या सुटकेससाठी निदान ४५-५० मीटर तरी अंतर हवं, आणि उघड्यावर असाल तर त्याच्या कितीतरी पट. काचेच्या भिंतीमागे, दुकानाच्या काउंटरमागे थांबायचं नाही. स्फोटात जखमा करणारी मोठी गोष्ट काच असते. पक्क्या भिंतीचा आडोसा घ्यायचा. सगळ्यांनी एकाच दारात गर्दी करायची नाही. श्वानपथकातला कुत्रा स्फोटकाचा वास लागल्यावर भुंकत नाही, खरवडत नाही, शांत बसून राहतो, त्याला तसंच शिकवलेलं असतं. तो बसला म्हणून ओरडायचं नाही, व्हिडिओ काढायला पुढे सरकायचं नाही. पुढचं काम गळ, दोरी आणि एक्स-रे यंत्र घेऊन आलेल्या पथकाचं.

दहापैकी जवळजवळ दहा वेळा त्या बॅगेत कपडे निघतात, डबा निघतो, एखाद्या विसरभोळ्या विद्यार्थ्याची पुस्तकं निघतात. आणि नेमकं हेच कोणी सांगत नाही. ‘स्थानकावर संशयास्पद बॅग, खळबळ’ ही बातमी पोचते, बॅगेत काय निघालं हे चौथ्या पानावरच्या दोन ओळींत विरून जातं. विमानतळांवर खोट्या धमक्यांची छाननी करायला समिती असते. धमकी नेमकी आहे की मोघम, हे ती ठरवते, म्हणून ऑक्टोबर २०२४ मध्ये शेकडो विमानांना खोट्या धमक्या आल्या तेव्हा हवाई वाहतूक बंद पडली नाही. बस स्थानक, बाजार, शाळा यांच्यासाठी अशी सवय आपल्याकडे नाही. ती लावणं अवघड नाही. पहिल्या तासात एक अधिकारी, एकच, मराठी-हिंदीत, लोकांना कळेल असं निवेदन देईल: काय सापडलं, काय सापडलेलं नाही, कुठला रस्ता बंद आहे, पुढची माहिती किती वाजता. त्या वेळेला माहिती नसली तरी तो पुन्हा येऊन तेवढंच सांगेल. आणि बॅगेत घातक काही निघालं नाही तर जितक्या मोठ्या आवाजात ‘रिकामं करा’ म्हटलं होतं तितक्याच मोठ्या आवाजात, त्याच भोंग्यावरून, त्याच फलाटावर जाहीर करेल की त्यात दोन शर्ट आणि जेवणाचा डबा होता.